‘शार्प’ म्हणजे नेमकं किती?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी मामाला म्हणालो, “मामा, तुझी लेन्स सॉफ्ट आहे.”

मामाचा कराडमध्ये फोटो स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्ट फोटो आणि शाळांचे ग्रुप फोटो यांवर घर चालायचं; पण त्याची हौस होती कुस्तीची मैदानं आणि निवडणुकीच्या सभा. एका स्थानिक दैनिकाला तो त्यांचे फोटो द्यायचा. आखाड्याच्या कडेला गर्दी जवळ जाऊ देत नाही, म्हणून १९८० च्या दशकात त्यानं मुंबईहून एक सेकंडहँड टेलिफोटो लेन्स आणली. ३०० मिलिमीटर, फोकस हातानं करायचा, वजनाला चांगली भक्कम.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि हिवाळ्यातले शनिवार-रविवार पक्ष्यांचे फोटो काढत फिरतो. त्या दिवाळीत मी दीड महिन्याचा पगार घालून नवी झूम लेन्स घेतली होती. मग काय, दोन्ही लेन्सांची ‘टेस्ट’ घ्यायचं ठरलं. मामाच्या हॉलच्या भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलं, समोरच्या भिंतीला टेकून ट्रायपॉड लावला. अंतर जेमतेम चार मीटर. त्याहून जवळचं मामाच्या लेन्सला फोकसच करता येत नव्हतं. एक साधा अडॅप्टर घालून तीच लेन्स माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला लावली, फोटो काढले आणि लॅपटॉपवर शंभर टक्के मोठे करून शेजारी-शेजारी ठेवले. माझ्या लेन्समध्ये छोट्या जाहिरातींचे फोन नंबर वाचता येत होते. मामाच्या लेन्समध्ये अक्षरं विरघळल्यासारखी दिसत होती आणि कडेला जांभळट झालर होती.

“असेल बाबा,” मामा म्हणाला. लेन्स पुसली, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकली आणि डबा कपाटात वर ठेवून दिला.

मी बरोबर होतो, असं मला वाटत होतं. पण पुण्याला परत येताना बसमध्ये एक प्रश्न पडला. मी ‘सॉफ्ट’ म्हणालो म्हणजे नेमकं काय म्हणालो? हा लेख त्या प्रश्नाच्या मागे लागून केलेल्या वाचनातून आला आहे.

लांब लेन्स आणि टेलिफोटो

आधी एक घोळ निस्तरू. आपण कुठल्याही लांब पल्ल्याच्या लेन्सला टेलिफोटो म्हणतो, पण मूळ अर्थ तो नाही. साधं बहिर्वक्र भिंग घेतलं आणि त्याची फोकल लेंग्थ ३०० मिलिमीटर असली, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून ३०० मिलिमीटरवर पडते. म्हणजे कॅमेऱ्यापुढे तेवढी नळी आलीच. टेलिफोटो लेन्समध्ये पुढच्या बहिर्वक्र गटाच्या मागे एक अंतर्वक्र गट असतो. तो एकत्र येणारे किरण थोडे फाकवतो. त्यामुळे प्रतिमा मोठी पडते, पण लेन्सची लांबी तिच्या फोकल लेंग्थपेक्षा कमी राहते.

कल्पना जुनी आहे. बहिर्वक्र आणि अंतर्वक्र भिंगं अशी जोडून पडद्यावर मोठी प्रतिमा मिळते, हे योहानेस केप्लरनं १६११ च्या ‘डायॉप्ट्रिस’ या ग्रंथात मांडलं होतं. १८३० च्या दशकात इंग्लंडमधल्या पीटर बार्लोनं दुर्बिणीसाठी असं अंतर्वक्र भिंग वापरलं. हौशी खगोलनिरीक्षक आजही ते ‘बार्लो’ या नावानंच विकत घेतात. कॅमेऱ्यासाठी ही रचना येता येता १८९१ उजाडलं, आणि त्या एकाच वर्षी ती तीन ठिकाणी आली: लंडनमध्ये थॉमस डॅलमायर, म्युनिकमध्ये अडॉल्फ श्टाइनहाइल आणि बर्लिनमध्ये अडॉल्फ मीथं. पहिला कोण, यावरून वाद झाला हे सांगायला नकोच.

या पहिल्या टेलिफोटो म्हणजे नेहमीच्या लेन्समागे जोडायचा एक तुकडा होता. त्याचा हिशोब निर्दय आहे. प्रतिमा तिप्पट मोठी केली, तर तोच प्रकाश नऊपट क्षेत्रावर पसरतो. F/६ ची लेन्स f/१८ ची होते. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या लेन्समध्ये जे दोष असतील, तेही तिप्पट मोठे होतात. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये खपून जाणारी चूक इथे समोर येऊन उभी राहते. टेलिफोटोच्या पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास हा बराचसा या एका अडचणीचा इतिहास आहे.

रंगांचं भांडण

मामाच्या लेन्सच्या जांभळ्या झालरीचं मूळ इथेच आहे. काच निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा जास्त वाकवते, म्हणून एकाच भिंगातून वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरांवर फोकस होतात. दोन प्रकारच्या काचा जोडून दोन रंग एका जागी आणता येतात, पण मग तिसरा रंग थोडा बाजूला राहतो. नेहमीच्या काचांत हा उरलेला फरक फोकल लेंग्थच्या साधारण दोनहजाराव्या भागाइतका असतो. ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये तो ०.०२५ मिलिमीटर, त्याकडे कोणी लक्ष देणार नाही. ५०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये तो पाव मिलिमीटर होतो आणि पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ येते.

यावरचा उपाय फोटोग्राफीच्या जगातला नव्हता, सूक्ष्मदर्शकाच्या जगातला होता. जर्मनीतल्या येना गावात एर्न्स्ट आबे यांनी ओटो शॉट यांच्या नव्या काचांबरोबर फ्लोराइट नावाचं खनिज वापरलं आणि १८८६ मध्ये त्सायस कंपनीची ‘अपोक्रोमॅट’ भिंगं आली. त्यांत तीन रंग एकत्र येत होते. फ्लोराइट म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. त्याचं रंग फाकवण्याचं वागणं काचेपेक्षा वेगळं असल्यामुळे तो उरलेला फरक जवळजवळ मिटवता येतो.

फ्लोराइट दुर्मीळ नाही. आपल्या शेजारी गुजरातेत, छोटा उदेपूरजवळच्या अंबाडुंगरला त्याचा मोठा साठा आहे. पोलाद वितळवताना आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल बनवताना ते टनावारी लागतं. पण भिंगासाठी लागतो तो स्वच्छ, निर्दोष स्फटिक, आणि निसर्गात असे तुकडे सापडतात ते लहान. सूक्ष्मदर्शकाच्या मणभर भिंगाला तेवढा तुकडा पुरतो, म्हणजे इथे ‘मण’ वजनाचा नव्हे, माळेतला! टेलिफोटोच्या पुढच्या भिंगाला तळहाताएवढा स्फटिक हवा.

तो भट्टीत वाढवावा लागला. १९४० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये डोनाल्ड स्टॉकबार्जर यांनी मोठे कृत्रिम स्फटिक वाढवण्याची पद्धत बसवली. कॅननने १९६६ मध्ये आपला फ्लोराइटचा प्रकल्प सुरू केला आणि १९६९ मध्ये ३०० मिलिमीटर f/५.६ ची फ्लोराइट असलेली लेन्स सर्वसामान्यांसाठी बाजारात आणली. फ्लोराइट ठिसूळ असतं आणि तापल्यावर नेहमीच्या काचेच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. क्रिकेटच्या मैदानाकडेला दिसणाऱ्या त्या पांढऱ्या लेन्सा पांढऱ्या असण्याचं एक कारण हेच: उन्हात कमी तापाव्यात. निकॉननं दुसरी वाट धरली, कमी रंग फाकवणारी ‘ईडी’ काच. आज बहुतेक कंपन्यांच्या महाग टेलिफोटोंवर अशा काचेचं काही ना काही नाव असतं.

मामाच्या लेन्समध्ये यातलं काहीच नव्हतं. ती साध्या काचेची होती. तेव्हा जांभळ्या झालरीबद्दल मी बरोबर होतो. पण मी ‘सॉफ्ट’ म्हणालो होतो, आणि तो शब्द झालरीपुरता नव्हता.

रेघा मोजणारे

लेन्स किती बारकावे दाखवते हे मोजायची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे बारीक-बारीक होत जाणाऱ्या रेघांचा तक्ता समोर ठेवायचा आणि कुठल्या रेघेपर्यंत वेगळं ओळखू येतं ते बघायचं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे अक्षरं वाचतो, तसंच. यातला सर्वांत प्रसिद्ध तक्ता १९५१ चा, अमेरिकी हवाई दलाचा. तीन-तीन काळ्या पट्ट्यांचे संच, आडवे आणि उभे. दर सहा पायऱ्यांना रेघांची दाटी दुप्पट होते. निकाल एका आकड्यात येतो: एका मिलिमीटरमध्ये रेघांच्या इतक्या जोड्या.

हवाई दलाला हाच आकडा का हवा होता, ते समजण्यासारखं आहे. विमानातून काढलेल्या फोटोत धावपट्टीवर उभी आहे ती लढाऊ विमानं की मालवाहू, हे ओळखायचं असतं. भिंग लावून बघणारा तज्ज्ञ समोर बसलेला असतो. फोटो दिसायला कसा आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सर्वांत बारीक काय सापडतं, एवढाच त्याचा प्रश्न.

दिवाळीत मी हाच प्रश्न विचारला होता. फोन नंबर वाचता येतो का? मी मामाच्या कुस्तीच्या लेन्सची परीक्षा हेरगिरीच्या पेपरवर घेतली होती.

तिसऱ्या सेमिस्टरचं गणित

या आकड्यात काहीतरी चुकतंय हे ज्यांच्या आधी लक्षात आलं, त्यांतले एक होते ऑटो शेड, अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचे टेलिव्हिजन इंजिनियर. चाळीस-पन्नासच्या दशकांत टीव्हीचं चित्र चांगलं कशानं दिसतं याचा ते अभ्यास करत होते. टीव्हीच्या यंत्रणेतून फार बारीक तपशील जातच नाहीत, तिची झेप ठरलेली असते. मग तक्त्यावर खूप बारीक रेघा दाखवणारी लेन्स लावून उपयोग काय? उलट, मध्यम बारीक रेघांचा काळा-पांढरा फरक जी लेन्स ठसठशीत ठेवते, तिचं चित्र पडद्यावर जास्त शार्प दिसतं.

शेड हे इलेक्ट्रॉनिक्सवाले. ॲम्प्लिफायर बघताना इंजिनियर असं विचारत नाही की हा जास्तीत जास्त कुठला सूर ऐकवतो. तो विचारतो, खर्जात किती, मध्य सप्तकात किती, तारात किती गळती होते? शेड यांनी लेन्सलाही हाच प्रश्न विचारला. रेघा जाड असताना काळ्याचा किती काळा उरतो? बारीक केल्यावर किती? त्याहून बारीक केल्यावर? आकडा एक न येता एक वक्ररेषा येते. तिलाच पुढे मॉड्युलेशन ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे एमटीएफ, म्हणायला लागले.

याचं गणित त्याच सुमारास फ्रान्समध्ये वेगळ्याच माणसानं लिहून ठेवलं होतं. पिएर-मिशेल द्युफिए यांचं फूरिये इंटिग्रल आणि प्रकाशशास्त्रावरचं पुस्तक १९४६ मध्ये निघालं, तेही स्वतःच छापलेलं. लंडनमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी पन्नासच्या दशकात हा विचार लेन्सच्या प्रत्यक्ष रचनेपर्यंत नेला.

इथे मला जरा लाजल्यासारखं झालं. फूरिये ट्रान्सफॉर्म मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एम-थ्रीमध्ये शिकलो होतो. शिकलो म्हणजे, कुठली गणितं हमखास येतात ते बघून पाठ केली होती. कुठल्याही चित्राचे जाड-बारीक रेघांत तुकडे करता येतात आणि लेन्स त्या प्रत्येक तुकड्याला वेगळी वागणूक देते, हे त्या गणिताचं म्हणणं आहे, असं तेव्हा कोणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मी शेवटच्या बाकावर असेन.

एमटीएफ समजल्यावर लेन्स तुलनेतला जुना तिढा सुटतो. ‘क’ लेन्स अतिबारीक रेघाही दाखवते, पण सगळंच जरा करडं. ‘ख’ लेन्स बारीक रेघांना लवकर हार मानते, पण त्याआधीच्या रेघा काळ्याकुट्ट ठेवते. तक्त्यावर ‘क’ जिंकते. भिंतीवर टांगलेल्या फोटोत ‘ख’ शार्प दिसते. दोन्ही निकाल खरे आहेत.

कंपन्या आज जे आलेख देतात, त्यांत बहुधा दोन पातळ्या असतात: मिलिमीटरला १० जोड्या आणि ३० जोड्या. पहिली ठसठशीतपणाबद्दल बोलते, दुसरी बारकाव्यांबद्दल. यातले बरेच आलेख लेन्सच्या कागदावरच्या रचनेवरून काढलेले असतात, तुमच्या हातात आलेल्या नगावरून नव्हे. लेन्सरेंटल्स या अमेरिकेतल्या लेन्स भाड्यानं देणाऱ्या कंपनीचे रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलच्या दहा-दहा लेन्सा मोजून त्यांचे आलेख प्रसिद्ध केले, तेव्हा एकाच नावाच्या लेन्सांत किती फरक असतो ते सर्वांना दिसलं.

दैनिकाचा हिशोब

मग मी एक हिशोब केला. खरं तर तो आधी करायला हवा होता.

वर्तमानपत्रात फोटो ठिपक्यांनी छापतात. त्या कागदावर इंचाला साधारण ८५ ओळी ठिपके, म्हणजे सेंटिमीटरला ३३. मामाचा दोन कॉलमी फोटो दहा सेंटिमीटर रुंद धरला, तर आडवे ३३० ठिपके झाले. फिल्मची फ्रेम ३६ मिलिमीटर रुंद. म्हणजे फिल्मवर मिलिमीटरला नऊ ठिपके, रेघांच्या जोड्या जेमतेम साडेचार. अर्धी फ्रेम कापून टाकली तरी नऊ.

मामाला आयुष्यभर १० जोड्यांच्या पलीकडे काही लागलंच नव्हतं! माझा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा मिलिमीटरला ८० हून जास्त जोड्या टिपायला बघतो. मी त्या पातळीवर उभा राहून त्याची लेन्स नापास केली.

आणि भिंतीचा प्रश्न उरतोच. जुन्या टेलिफोटो दूरच्या वस्तूंसाठी आखलेल्या असत. अगदी जवळ फोकस केला की त्यांचे दोष वाढतात. मी मामाची लेन्स तिच्या सर्वांत जवळच्या टोकाला नेऊन तपासली होती.

मागच्या उन्हाळ्यात पुन्हा कराडला गेलो, या वेळी नीट तयारीनं. पद्धत आता प्रमाणित आहे. आयएसओचं १२२३३ क्रमांकाचं मानक २००० साली आलं. काळ्या-पांढऱ्याची एक सरळ कड किंचित तिरकी ठेवून तिचा फोटो काढायचा. कड ओलांडताना उजेड कसा बदलतो ते मोजायचं, त्या बदलाचा फूरिये ट्रान्सफॉर्म घ्यायचा. पायथॉनमध्ये पन्नास-साठ ओळींचं काम. काळा कागद पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवून समोरच्या गच्चीच्या कठड्याला बांधला. अंतर साधारण चाळीस मीटर. मामा पुठ्ठा धरायला तिकडे गेला होता आणि तिथून ओरडून विचारत होता, “सरळ धरू का वाकडा?”

सकाळी सहाला काढलेल्या फोटोंतून आलेला निकाल असा: लेन्सचं तोंड पूर्ण उघडं असताना माझी लेन्स सगळीकडे पुढे. f/८ वर १० जोड्यांना, मधल्या भागात, दोघींत सांगण्यासारखा फरक नाही. ३० जोड्यांना माझी पुढे. कडेच्या भागात आणि रंगांच्या झालरीत माझी बरीच पुढे.

नवी लेन्स चांगलीच आहे. पैसे वाया गेले नाहीत. पण अकरा वाजता, गच्ची तापल्यावर, गंमत म्हणून तेच फोटो परत काढले. दोन्ही वक्ररेषा कोसळल्या आणि एकमेकींवर जाऊन बसल्या. एमटीएफचा नियम असा की साखळीतल्या प्रत्येक दुव्याचा गुणाकार होतो: हवा, लेन्स, हाताची थरथर, सेन्सर, छपाई. एका दुव्यानं निम्मं खाल्लं की बाकीच्यांनी कितीही जीव काढला तरी निम्मंच उरतं. भिगवणला दुपारी बारा वाजता पाण्यावरून फ्लेमिंगोंचे फोटो काढून “लेन्स मऊ निघाली” म्हणणारे मी ऐकले आहेत. त्यांत मीही होतो.

जेवताना मामाला सगळं सांगितलं. ठिपक्यांचा हिशोब त्याला पटकन कळला. त्यानं आयुष्यभर छपाई बघितली आहे. “आम्ही असं काही मोजत नव्हतो,” तो म्हणाला. “पट काढताना हात कुठं होता ते दिसलं की संपादक खूश.”

मी त्याला म्हणालो, “त्या दिवशी सॉफ्ट म्हणालो ते चुकलं माझं.”

“चुकलं कशाला? झालर तर आहेच की.” मग थोड्या वेळानं, “मग विकू का नको?”

“नको विकू. सकाळी वापर, f/८ वर. फक्त उन्हातल्या बगळ्यांवर लावू नको.”

डबा आता कपाटात खालच्या कप्प्यात असतो.